होडी कुठे बांधायची

बरशिमलू घाट, माजुली

प्रिय खर्गा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न उघडताच चुलीत घालशील, असं तुझ्या वहिनीचं ठाम मत. म्हणून पत्ता जोनमणीकडून लिहून घेतला. तो होताही तिच्याकडेच. माझी लेक दर महिन्याला तुला फोन करते, हिराकाकीच्या गुडघ्यांची विचारपूस करते, तुमच्या डिफूच्या डोंगरात यंदा आल्याचं पीक कसं आलंय हेसुद्धा तिला तोंडपाठ, आणि हे सगळं मला कळलं गेल्या पंधरवड्यात. अकरा वर्षं मी होडीवर गेलो की ही परसात लिंबाखाली उभी राहून काकाशी गप्पा मारत होती आणि तिची आई दारात राखणीला बसत होती. आधी माझं डोकं सणकलं. मग जेवता जेवता वाटलं, बरं झालं, घरात कोणीतरी शहाणं निघालं. मीही फोन करू शकलो असतो, पण तू मला ओळखतोस. दुसऱ्या मिनिटाला माझा आवाज चढतो आणि तिसऱ्या मिनिटाला मी फोन कशाला केला होता तेच विसरतो. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून लिहायला बसलोय. ओळी वाकड्या जातील, चालवून घे.

पाणी उतरतंय. घरात घोटाभर गाळ आहे, न्हाणीत बेडूक आहेत, आणि तुझ्या वहिनीच्या मागाच्या खड्ड्यात हातभर लांब वाम सापडली. मागाच्या दोन पट्ट्या वाहून गेल्या म्हणून डोळे पुसत बसलेली बाई ती वाम बघून उठली, तिने वाम राखेत धरून आपटली आणि दुपारी तिचं आंबट कालवण केलं. मला म्हणाली, "नदीने पट्ट्या नेल्या, मासा दिला, आता तिच्याशी भांडण नाही." मला तिच्यासारखं चटकन मिटवता येत नाही, हे तुला सांगायला नको.

आता खरी बातमी. शिमलू पडला. आषाढाच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास. नुसतं झाडच नाही, त्याच्याखालची तेरा-चौदा वाव जमीन, भोगाईबुढ्याची चहाची टपरी, घाटाचा ठेका घेणाऱ्या महालदाराची तिकिटाची खोली, लोक बसायचे तो ओटा, सगळं एका दमात पाण्यात गेलं. आवाज असा झाला की पलीकडच्या गावातली गुरं दावी तोडून पळाली. झाड आधी सरळ उभंच खाली गेलं, माणूस खुर्चीत बसतो तसं, आणि मग आडवं झालं. माणूस मात्र एकही गेलं नाही, कारण त्या झाडाला एकही होडी बांधलेली नव्हती आणि घाटावर कोणी थांबलेलं नव्हतं. भोगाईची किटली गेली आणि सात कोंबड्या गेल्या. डोंगरात राहणारा दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, म्हातारा एका झाडाचं काय घेऊन बसलाय. तू म्हणणार नाहीस. हे झाड जाणार असं या घाटावर फक्त तू म्हणाला होतास.

तुला आठवतं का, पाणी चढायच्या आधी बाबा आपल्या दोघांना लहान डोंगीत घालून काठाकाठाने फिरवायचे? मध्येच वल्हं थांबवायचे आणि विचारायचे, "सांगा रे, आज पाणी हातभर चढलं तर होडी कुठे बांधाल?" मी लगेच दिसेल ते जाडजूड झाड दाखवायचो. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. तू काठावर उतरायचास, जमिनीला कान लावून पालथा पडायचास, मग फेस कुठून वाहतोय ते बघायचास, आणि तोवर मला भूक लागलेली असायची. मी ओरडायचो, "झोपलास का रे?" तू म्हणायचास, "काठ खालून पोकळ वाजतोय." एकदा जेवताना बाबा आईला म्हणाले, "थोरला होडी चालवेल, धाकटा होडी वाचवेल." त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. मला त्या दिवशी मासा गोड लागला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तुझ्याकडे बघितलं की तो मासा आठवायचा. आता साठी उलटल्यावर कबूल करायला काय हरकत आहे, मी तुझ्यावर जळत होतो. होडी चालवणारे घाटावर दहा होते.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पुराचं सगळं तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण मी ते आजवर जेव्हा जेव्हा सांगितलं तेव्हा माझ्या बाजूने सांगितलं. तीन दिवसांत पाणी दोन हात चढलं होतं. मी बाबांची मोठी होडी शिमलूला दोन दोरांनी करकचून आवळली आणि भोगाईकडे चहा घेत उभा राहिलो. घाट माणसांनी भरलेला. तू झाडामागून आलास, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "दादा, झाडामागे भेग आहे. बोटभर रुंद. इथपासून महालदाराच्या खोलीपर्यंत गेलीये. होडी इथून काढ." मी म्हणालो, "आपल्या आजोबांच्या आजोबांनी या झाडाला होड्या बांधल्या. झाडामागे काही नाही, तुझ्या डोक्यात भेग पडली असेल." सगळे हसले. भोगाईबुढा तर कपातला चहा सांडेपर्यंत हसला. तू हसला नाहीस. हळूच एवढंच म्हणालास, "नदी जे खातेय तिथे बांधायचं नसतं दादा, जे ओकतेय तिथे बांधायचं. झाऊच्या चापरीमागे चल, त्या झुडपांच्या वाळूबेटामागे." मी पाठ फिरवली आणि महालदाराच्या खोलीत गेलो.

बाहेर आलो तेव्हा होडी सुटली होती. दोर इतके ताणले होते की गाठी सुटेनात, म्हणून तू कोयत्याने दोन्ही तोडले आणि एकटा ती एवढी होडी घेऊन त्या लोंढ्यात गेलास. मी काठाने धावत काय काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही, आपली आई तेव्हा हयात होती एवढंच बघ. मधोमध ओंडका आदळला, सुकाणू मोडलं, डाव्या कुशीची फळी फुटली. तरी तू ती चापरीच्या आडोशाला नेलीस आणि बांबू रोवून उभी केलीस. घाटावर मात्र एकच गलका, पुराच्या पाण्यात बांधलेली होडी तोडली. आपल्याकडे याहून मोठा गुन्हा नाही. संध्याकाळकडे चार माणसं म्हणाली, अरे, भेग आहे की नाही ते तरी बघा. मी म्हणालो, मी बघून येतो. घाटाचा पहिला नावाडी मी, दुसरं कोण बघणार. बघून आलो आणि सांगितलं, भेगबिग काही नाही. सकाळी तू कोळ्यांच्या डोंगीतून परत आलास, ओठ निळे पडलेले, हातावर दोराचे वळ, आणि मी सगळ्या घाटासमोर तुझ्या थोबाडीत मारली.

आणि झाड उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी उभं, आठवड्याने उभं. पंधरा दिवसांत नदीने अंग बदललं, लोंढा पलीकडच्या काठाला लागला आणि शिमलूसमोर वाळू साचायला लागली. पोरं तुला 'भेगदादा' म्हणायला लागली. नामघरात देवापुढे गाव बसलं तेव्हा कोणाला तुझं वाईट करायचं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगतो. गळ्यात गामोसा घालायचा, गुडघे टेकायचे, सुपारीचं तामूल-पान पुढे ठेवून चुकलो म्हणायचं, कोणीतरी तामूल उचलतं आणि विषय संपतो. मी स्वतः दोनदा टेकलेत, त्यातलं एकदा भोगाईच्या बकरीपायी. पण तू उभाच राहिलास. म्हणालास, "मी बघितलं ते खोटं असेल तर आत्ता टेकतो. दादाने सांगावं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी सांगितलं ते सांगितलं." तू गामोसा घडी करून खाली ठेवलास आणि निघालास. गावाने ठरवलं, गुडघे टेकल्याशिवाय याने घाटावर पाय ठेवायचा नाही. तीन दिवसांनी तू आणि हिरा गेलात. हिराच्या डोक्यावर बोचकं होतं आणि हातातल्या टोपलीत दोन बदकं. जोनमणी बारा वर्षांची होती, बांधापर्यंत तुमच्यामागे रडत गेली. मी घरात बसून फाटलेलं जाळं विणत होतो.

पुढच्या वर्षीची गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल, कारण ती माझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हती. पाणी चढायला लागलं, सगळे नावाडी माझ्याकडे बघत उभे राहिले, "टंकदादा, कुठे बांधायची?" मी शिमलूकडे बघितलं. हात झाडाकडे जाईना. मी होडी वळवली आणि सरळ झाऊच्या चापरीमागे नेली, तू नेली होतीस त्याच जागी. आता लोकांना कारण काय सांगायचं? मी ठोकून दिलं, बाबा स्वप्नात आले होते, म्हणाले, शिमलूला आता विसावा द्या. सगळ्यांनी हात जोडले. म्हाताऱ्या बायकांनी झाडाला दिवा लावला. त्या दिवसापासून शिमलूला कोणी दोर लावला नाही, आणि पुराचे दिवस आले की घाटावर गर्दी करायची नाही, हाही नियम मी बाबांच्या नावावर खपवला. बिचारे बाबा जिवंतपणी कधी एवढं बोलले नाहीत.

दरवर्षी चापरी हलते, तुला माहीत आहे. दरवर्षी नवी जागा शोधावी लागते. मी एकटाच डोंगी घेऊन जायचो आणि तू जे जे करायचास ते ते करायचो. फेस कुठे काठाला चिकटून धावतो, कुठे भरकटतो ते बघ. झाऊचे शेंडे पाण्यावर कुठे आहेत ते बघ, तिथे खाली वाळू घट्ट असते. जमिनीला कान लाव. मला पहिली तीन वर्षं काहीच ऐकू आलं नाही, नुसता कानात चिखल गेला. चौथ्या वर्षी काठ पोकळ वाजला आणि मी तिथेच बसून राहिलो, पोरासारखा खूश. दोर आवळायची माझी सवयसुद्धा तुझ्यामुळे सुटली. तू त्या दिवशी बांबूला वेताचं सैल कडं घालून त्याला होडी बांधली होतीस, पाणी चढलं की कडं वर सरकतं आणि होडी आपसूक वर येते. मी ते बघून ठेवलं होतं. आता आपल्या घाटावर सगळे तसंच बांधतात आणि त्याला 'टंकचं कडं' म्हणतात. मी कधीच कोणाला दुरुस्त केलं नाही.

अकरा वर्षांत एक फळी गेली नाही, खर्गा. मागे बगरीगुडी गावची अख्खी वरात दोन दिवस पुरात अडकली होती, नवरानवरीसकट, ती त्या वेताच्या कड्यावर तरली. मॅट्रिकच्या परीक्षेची पोरं, मास्तरांची आजारी आई, मिसिंग जमातीच्या लोकांची डुकरं, दुधाचे कॅन, सगळं तरलं. लोक म्हणायचे, टंक नावाड्याच्या नाकाला नदी कळते. मी मिशीला पीळ भरायचो आणि पान लावायचो. पण प्रत्येक वेळी होडी जागेवर उभी राहिली, पाणी तिच्या पोटाखालून शांत जायला लागलं, की मी मनात म्हणायचो, वाचवलंस रे बाबा. बाबांना नाही म्हणायचो. तुला म्हणायचो. दरवर्षी म्हणायचो. तेवढे आभार माझ्याकडे साठलेत, आणि आज पहिल्यांदा ते तुझ्या पत्त्यावर पाठवतोय.

आता त्या गुरुवारचं ऐक. जोनमणीचे दिवस भरले होते. तिला जोरहाटच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून दुपारी होडीत बसवली. सोबत आणखी सव्वीस माणसं. निम्म्या वाटेवर पोचलो नाही तोच पाणी भिंतीसारखं उभं राहायला लागलं, लाकडं, छपरं, मेलेली गाय, काय काय वाहत येऊ लागलं. पुढे जाणं शक्य नव्हतं. मी होडी परत फिरवली. सगळ्यांत जवळ होता तो घाट, आपला शिमलू. जोनमणीला कळा सुरू झालेल्या. तिच्या सासूने माझा शर्ट धरला आणि म्हणाली, "काठाला लावा हो, झाडाला बांधा, पोरीला जमिनीवर उतरवा, तुमचं ते स्वप्न गेलं खड्ड्यात." बाकीचेही ओरडायला लागले. झाड समोर उभं, हिरवंगार, भक्कम. आणि माझी पोर वेदनेने पिळवटलेली. तुला खरं सांगतो, मी सुकाणू झाडाकडे वळवलं होतं. माझ्या हातून पुन्हा तेच होणार होतं. तेवढ्यात जोनमणी दातांतून म्हणाली, "बाबा, काकाच्या जागी चला."

मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटलेले. मी होडी चापरीमागे घातली. बांबू रोवले, कडी सोडली, आणि पाऊण तास झाला असेल नसेल, शिमलू गेला. आम्ही सगळ्यांनी तो जाताना बघितला. त्याची लाट आली, होडी हातभर वर गेली, कडी बांबूवर करकरत चढली आणि पुन्हा खाली बसली. जोनमणीची सासू माझ्या पायाशी बसून रडत होती आणि मी ज्याच्या पायाशी बसायचं तो डिफूला होता. चार वाजता लोंढा जरा मंदावला, सरकारी बोट आली आणि तिला घेऊन गेली. मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी. धडधाकट आहे, रंगाने आईवर आणि आवाजाने माझ्यावर गेली आहे. मला सोडून, लेक धरून होडीत सत्तावीस जीव होते, आणि तिच्या पोटातली नात मोजली तर अठ्ठावीस. ते सगळे तुझे आहेत.

तिला आणि बाळाला घेऊन घरी आलो तेव्हा मी विचारलं, काकाची जागा ती, हे तुला कोणी सांगितलं? तेव्हा ते फोनचं प्रकरण बाहेर आलं. ती म्हणाली, "मला लहानपणापासून माहीत आहे. काकाच सांगायचा, तुझा बाप होडी कुठे बांधतो ते विचार, आणि मी चापरीमागे म्हटलं की गप्प बसायचा, त्यावरूनच कळलं." मग म्हणाली, "पण बाबा, काका आता वेगळंच बोलतो. म्हणतो, त्या दिवशी मलाच भास झाला असेल. उन्हाने तडकलेली जमीन असेल, घाबरून मी भेग म्हणालो असेन. आल्याच्या वखारीचं कुलूप लावलं तरी तीनदा परत जाऊन बघतो, लागलं का नाही. काकी हसते, पण तो खरंच बघतो." हातात बाळ होतं, ते तिच्याकडे दिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं मी तुझा घाट घेतला, नाव घेतलं, फार तर रोजगार घेतला. तुझे डोळे घेतले हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी गावाने माझा सत्कार ठरवला. नामघरात सगळे जमले, चापरीवरची माणसंसुद्धा आली. सराईच्या पितळी तबकावर तामूल-पान, नवा गामोसा, तुझ्या वहिनीने मला धुतलेलं धोतर नेसायला लावलेलं. महालदार उभा राहून बोलला, टंक नावाड्याने सत्तावीस जीव राखले वगैरे. गामोसा घेऊन भोगाईबुढा माझ्याकडे आला, आणि मी तो त्याच्या हातातून घेऊन स्वतःच गळ्यात घातला आणि गुडघे टेकले. लोकांना वाटलं, नम्रपणा. मग मी बोललो. किती वेळ बोललो ठाऊक नाही, आवाज चढला नाही एवढं वहिनी सांगते. बोलून झाल्यावर तामूल पुढे ठेवला आणि कोणी तो उचलला नाही. शेवटी भोगाईबुढा म्हणाला, "आमच्यापुढे कशाला टेकतोस, टंक? आम्ही त्या पोराला हसलो, आमचंही तोंड काळंच आहे. ज्याचं देणं आहे त्याच्या दारात जा. तो तामूल उचलेल तेव्हाच सुकाणूला हात लाव." सगळं गाव हो म्हणालं. मला राग यायला हवा होता. पण खर्गा, त्या म्हाताऱ्याचे मी मनात आभारच मानले. अकरा वर्षांनी कोणीतरी मला होडी कुठे बांधायची ते सांगितलं.

म्हणून मी येतोय. पुढच्या मंगळवारच्या गाडीने निघेन, दुपारपर्यंत तुझ्या दारात. तू आत घेतलंस तर आत, नाहीतर वखारीच्या पायरीवर बसेन. तामूल उचल किंवा उचलू नकोस, तो हक्क तुझा, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण नामघरात मी जे सांगितलं ते माझ्या तोंडून ऐकण्याआधी तुला कागदावर मिळावं, एकटं बसून वाचता यावं, म्हणून हे पत्र. सगळ्या घाटाला आता ते ठाऊक आहे, एक तुलाच ठाऊक नाही. भेग होती. त्या संध्याकाळी मी झाडामागे गेलो तेव्हा ती तिथे होती, बोटभर रुंद, महालदाराच्या खोलीपर्यंत गेलेली, तू सांगितलीस तश्शी. मी वाकून आत बोट घातलं, तळ लागला नाही. पाठीमागे सगळा घाट माझी वाट बघत होता. मी पायाने माती लोटली, टाचेने दाबत दाबत शेवटपर्यंत गेलो, वरून पालापाचोळा टाकला, कुंपणावर वाळत घातलेलं जाळं ओढून पसरलं, आणि येऊन म्हणालो काही नाही. दुसऱ्या दिवशी तुला मारलं ते हे माहीत असताना मारलं. तुला भास झाला नव्हता. तुझे डोळे तेव्हाही चांगले होते आणि आजही असतील. वखारीचं कुलूप तू पहिल्यांदा लावतोस तेव्हाच लागलेलं असतं, खर्गा.

तुझाच,
टंकदादा